देव 'आम्ही' का म्हणतो? एका सर्वनामावरून झालेली दोन हजार वर्षांची भांडणं

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

आपल्याकडे आजोबा एकटेच आले तरी आपण "आजोबा आले" असं म्हणतो. सर "म्हणाले", साहेब "गेले", महाराज "बसले". माणूस एक, क्रियापद मात्र अनेकवचनी. गणपती विसर्जनाला आपण बाप्पाला पुढच्या वर्षी लवकर "या" म्हणतो, "ये" म्हणत नाही. पण तोच माणूस पंढरपूरला विठोबासमोर उभा राहिला की सरळ "तू" वर येतो. यात कुणाला कधी गोंधळ वाटत नाही. "आजोबा आले" ऐकून कुणी विचारत नाही की किती आजोबा आले म्हणून.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे अधूनमधून फिरणारे काही दावे. कुणी सांगतो, बायबलच्या पहिल्याच पानावर देव स्वतःला अनेकवचन लावतो, म्हणजे ज्यू-ख्रिस्ती लोकांचे देव मुळात अनेक होते. कुणी सांगतो, कुराणात अल्लाह "आम्ही" म्हणतो, मग एकच देव कसा? तिकडे काही ख्रिस्ती प्रचारक त्याच अनेकवचनावर बोट ठेवून सांगतात की हा बघा त्रैक्याचा पुरावा. प्रत्येकाला वाटतं की आपण समोरच्याला त्याच्याच पुस्तकात पकडलं.

हा डाव फार जुना आहे. प्रत्येक धर्माच्या लोकांनी तो दुसऱ्यावर टाकून बघितलाय आणि प्रत्येकावर तो उलटलाय. मधल्या काळात त्यापायी माणसं जिवंत जाळली गेलीत. आपल्या मुंबई-कोकणाचाही या गोष्टीशी थेट संबंध आहे. म्हणून जरा नीट, क्रमाने सांगतो.

आधी मूळ मजकूर बघू

हिब्रू बायबलात देवासाठी सगळ्यात जास्त येणाऱ्या शब्दांपैकी एक आहे "एलोहीम". हिब्रूत "-ईम" हा पुल्लिंगी अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणजे शब्दाचा साचा अनेकवचनी. पण उत्पत्तीच्या पहिल्याच वाक्यात या शब्दाबरोबरचं "निर्माण केलं" हे क्रियापद मात्र चक्क एकवचनी आहे. आपल्या "आजोबा आले" च्या बरोबर उलटा प्रकार. आपल्याकडे नाम एकवचनी आणि क्रियापद अनेकवचनी, तिकडे नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी.

हा प्रकार फक्त इस्राएलच्या देवापुरता नाही, हे महत्त्वाचं. पलिष्ट्यांचा देव दागोन, मवाबी लोकांचा कमोश, सीदोनची देवी अश्तोरेथ, हे सगळे एकेकटे. बायबल त्यांनाही हाच शब्द लावतं. योसेफ मिसरचा कारभारी झाला तेव्हा त्याचे भाऊ त्याला "देशाचा धनी" म्हणतात, तिथे "धनी" चं रूप अनेकवचनी आहे आणि "बोलला" एकवचनी. म्हणजे थोरामोठ्यांसाठी नाम अनेकवचनात वापरायची त्या भाषेची एक रीत होती. इतकंच काय, १८८७ मध्ये इजिप्तमधल्या अमार्ना इथे मातीच्या विटांवर कोरलेली जी पत्रं सापडली, त्यांत कनान भागातले छोटे राजे एकट्या फारोला "माझे देव" असं अनेकवचनी संबोधन लावतात. ती पत्रं ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकातली.

तर नामाचा प्रश्न तसा सुटतो. काही मोजक्या ठिकाणी एलोहीमबरोबर क्रियापदही अनेकवचनी आलंय, तो अपवाद. पण खरी अडचण पुढे आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाच्या २६ व्या ओवीत देव माणूस घडवायचं ठरवतो, तेव्हा क्रियापद येतं "नआसे". अर्थ, "करू या". इथे नुसतं नाम नाही, बोलणाराच स्वतःबद्दल अनेकवचनात बोलतोय. गंमत म्हणजे लगेच पुढच्या, २७ व्या ओवीत देवाने "निर्माण केला" आणि "त्याच्या" प्रतिमेत केला, सगळं परत एकवचनात. असं अनेकवचन अजून तीन ठिकाणी येतं. आदामाने फळ खाल्ल्यावर, बाबेलच्या बुरुजाच्या गोष्टीत, आणि यशया संदेष्ट्याला दर्शन होतं तिथे.

चारच जागा. पण या चार जागांनी जे काही घडवलंय ते बघा.

रब्बींची डोकेदुखी

ज्यू विद्वानांना ही अडचण फार आधी कळली होती. बेरेशीत रब्बा या जुन्या भाष्यात एक छान कथा आहे. मोशे देवाच्या सांगण्यावरून तोरा लिहीत असतो. "करू या" शी येऊन थबकतो आणि विचारतो, देवा, नास्तिकांच्या हातात हे कोलीत कशाला देतोस? देव सांगतो, तू लिही, ज्याला चुकायचंय तो खुशाल चुको. आणि पुढे कारणही देतो. मोठ्याने लहानाला विचारून काम करावं, हे माणसाला यातून कळावं.

अकराव्या शतकातला फ्रान्समधला थोर भाष्यकार राशी हाच धागा पकडतो. त्याच्या मते देव देवदूतांशी बोलतोय. त्यांची मदत लागली म्हणून नव्हे, नम्रता शिकवायची म्हणून. लोक उलटा अर्थ काढतील हा धोका पत्करूनही ग्रंथाने चांगली रीत शिकवणं सोडलं नाही, असं तो म्हणतो. मला हे उत्तर फार आवडतं. विरोधक काय म्हणतील या भीतीने आपलं पुस्तक बदलायचं नाही, हा त्यातला मुद्दा.

आणि बदलायचा मोह झाला नसेल असं नाही. तल्मूदमध्ये सांगितलंय की टॉलेमी राजासाठी ग्रीक भाषांतर करायला बसलेल्या ज्यू वडीलधाऱ्यांनी या जागी "मी माणूस घडवीन" असं एकवचन घातलं, राजाचा गैरसमज नको म्हणून. पण आज जे ग्रीक भाषांतर आपल्या हातात आहे त्यात स्पष्ट अनेकवचनच आहे! म्हणजे ती गोष्ट खरी असो वा नसो, या शब्दाची धास्ती किती होती ते त्यावरून कळतं.

दहाव्या शतकात सादिया गाओन याने सांगितलं की हे राजाचं बोलणं आहे, राजे असंच बोलतात. बाराव्या शतकात इब्न एज्राने त्यात फरक केला. एलोहीम हे नाम आदरार्थी आहे, इथपर्यंत तो मान्य करतो आणि अरबी भाषेतल्या राजांच्या बोलण्याचा दाखलाही देतो. पण "करू या" हे क्रियापद त्या खात्यात टाकायला तो तयार नाही. तिथे देवदूत, असंच तो म्हणतो. आपल्याच बाजूचा सोयीचा पुरावा कच्चा आहे असं सांगायला धैर्य लागतं.

ख्रिस्ती उत्तर, आणि त्यावर लागलेला शिक्का

ख्रिस्ती लोकांनी याच वाक्याचा वेगळा अर्थ लावला. दुसऱ्या शतकाच्या मध्याला जस्टिन मार्टर याने ट्रायफो नावाच्या ज्यू माणसाशी झालेला संवाद लिहिला. त्यात तो ज्यूंची उत्तरं एकेक करून खोडतो. देव स्वतःशीच बोलला? नाही. पंचमहाभूतांशी? नाही. देवदूतांशी? तेही नाही. मग कोणाशी? तर सृष्टीच्या आधीपासून बरोबर असलेल्या पुत्राशी.

इथपर्यंत हा वाद पुस्तकातला होता. चौथ्या शतकात रोमन साम्राज्य ख्रिस्ती झालं आणि मजकुराचा अर्थ हा राज्यकारभाराचा विषय झाला. ३२५ मध्ये नायसीयाची परिषद झाली. ३५१ मध्ये सिर्मियम इथे, म्हणजे आजच्या सर्बियात, दुसरी एक परिषद भरली. तिने शापांची एक लांबलचक यादीच काढली. त्यातला एक शाप असा, की "माणूस घडवू या" हे पित्याने पुत्राला म्हटलं नसून देव स्वतःशीच बोलला असं जो म्हणेल, तो बहिष्कृत. म्हणजे एका क्रियापदाचा कोणता अर्थ लावायचा ते आता ठराव करून ठरलं. त्याच परिषदेत तिथल्या फोटिनस या बिशपला पदावरून काढलं. आणि मजा म्हणजे ही परिषद स्वतः नायसीयाच्या बाजूची नव्हती! एकमेकांना पाखंडी म्हणणारे दोन्ही गट या वाक्याच्या बाबतीत मात्र एकाच बाजूला होते.

आता अरबी भाषा

कुराणात "आम्ही" सर्रास येतं. आम्ही उतरवलं, आम्ही घडवलं, आम्ही दिलं. पण भक्ती कुणाची करायची हा विषय आला की एकवचन. मोशेला अग्नीजवळ जी वाणी ऐकू येते तिथे "मी", "माझ्याशिवाय कुणी नाही", "माझी भक्ती कर" असंच आहे. एकाच छोट्या सूरेत "आम्ही तुला दिलं" म्हणून लगेच "तुझ्या प्रभूसाठी" प्रार्थना कर, असं सर्वनाम बदलतं. अरबी साहित्यशास्त्रात या पालटाला "इल्तिफात" म्हणतात आणि तो बोलण्याचा अलंकार समजला जातो. ज्या ग्रंथाचा सगळा भर एकेश्वरावर आहे, त्याचे पहिले ऐकणारे अरब होते आणि "आम्ही" म्हणजे अनेक देव असं त्यांनी मानल्याचं दिसत नाही.

पण प्रश्न विचारला गेला, हे मात्र खरं. इब्न इसहाक याने आठव्या शतकात लिहिलेलं प्रेषितांचं चरित्र आहे. त्यात नजरान भागातल्या ख्रिस्ती लोकांचं शिष्टमंडळ मदिनेला आल्याची हकीकत येते. त्यांचा एक मुद्दा नेमका हाच होता. देव "आम्ही केलं, आम्ही आज्ञा दिली" असं म्हणतो, एकटा असता तर "मी केलं" म्हणाला असता ना? पुढे सिनाई पर्वताच्या मठात जपलेल्या आठव्या शतकातल्या एका अरबी ख्रिस्ती ग्रंथात तर कुराणातलीच "आम्ही" ची वाक्यं काढून त्रैक्याची बाजू मांडली आहे.

म्हणजे आज जो कुणी हा मुद्दा मोठा शोध म्हणून पाठवतो, तो बाराशे वर्षांहून जुना माल नवीन पिशवीत घालून विकतोय.

कागदावरचा वाद चितेपर्यंत

मिगेल सर्व्हेटस हा स्पॅनिश डॉक्टर. हृदयातून फुफ्फुसाकडे जाऊन रक्त परत येतं हे युरोपात छापून मांडणारा पहिला माणूस. त्याने १५३१ मध्ये त्रैक्याच्या चुकांवर पुस्तक लिहिलं. म्हणणं असं, की बायबलात त्रैक्य हा सिद्धांत सापडत नाही. कॅथलिकांनी त्याला धरलं, तो निसटला आणि जिनिव्हात प्रोटेस्टंटांच्या हाती लागला. २७ ऑक्टोबर १५५३ ला त्याला जिवंत जाळलं. खटल्यामागे जॉन कॅल्विन होता.

आता गंमत म्हणावी की दुर्दैव, ते तुम्हीच ठरवा. याच कॅल्विनने उत्पत्तीवरच्या आपल्या भाष्यात सांगितलंय की एलोहीम या अनेकवचनावरून तीन व्यक्ती सिद्ध करणं हा कच्चा पुरावा आहे, वाचकांनी अशा ओढूनताणून लावलेल्या अर्थांपासून सावध राहावं. म्हणजे व्याकरणाचा दाखला लंगडा आहे हे त्याला स्वतःला माहीत होतं. त्रैक्यावर त्याची श्रद्धा इतर कारणांनी होती. तरी ज्याला तो सिद्धांत बायबलात सापडेना, त्याला जाळायला हे आड आलं नाही.

८ जानेवारी १६९७ ला एडिंबरामध्ये थॉमस एकनहेड या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला फाशी दिलं. त्याच्यावरच्या आरोपांत त्रैक्याची टिंगल केली हाही होता. ब्रिटनमध्ये त्रैक्य नाकारणं कायद्याने गुन्हा राहिलं ते थेट १८१३ पर्यंत. हे साल लक्षात ठेवा.

१८२०, कलकत्ता

कायदा बदलून सातच वर्षं झाली होती, आणि कलकत्त्यात एका बंगाली ब्राह्मणाने येशूच्या उपदेशांचं पुस्तक छापलं. राजा राममोहन रॉय. त्यांनी चमत्कार आणि सिद्धांत बाजूला ठेवून फक्त नीतीची शिकवण निवडली होती. श्रीरामपूरचे मिशनरी खवळले. जोशुआ मार्शमन यांनी टीका केली, राममोहननी उत्तर दिलं, मग परत टीका. १८२० ते १८२३ मध्ये राममोहननी तीन "आवाहनं" लिहिली, एकापेक्षा एक मोठी. त्यासाठी ते हिब्रू आणि ग्रीकमध्ये उतरले.

या वादात एलोहीम आणि "करू या" दोन्ही आले. राममोहनना फारसी, अरबी लहानपणापासून येत होती. त्यांचं म्हणणं साधं होतं. आमच्या आशियाई भाषांत एकाला अनेकवचन लावणं ही आदराची रीत आहे. हिब्रूत "धनी" या शब्दाचं तसंच होतं आणि कुराणातही "आम्ही" आहे, म्हणून मुसलमान काही अनेक देव मानत नाहीत. युरोपातल्या पंडिताला जी गोष्ट ग्रंथात शोधावी लागत होती, ती या माणसाच्या रोजच्या बोलण्यात होती.

निकाल काय लागला? राममोहन ख्रिस्ती झाले नाहीत. उलट त्यांच्याबरोबर भाषांतराचं काम करणारा विल्यम ॲडम हा बाप्टिस्ट मिशनरीच १८२१ मध्ये त्रैक्य सोडून एकेश्वरवादी झाला. लोक त्याला "दुसरा पतित आदाम" म्हणून चिडवू लागले. शेवटचं आवाहन छापायला मिशनच्या छापखान्याने नकार दिला, तेव्हा राममोहननी स्वतःचा छापखाना घातला.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. राममोहन दुसऱ्यांच्या पुस्तकात एकवचन शोधून थांबले नाहीत. त्याच काळात ते उपनिषदांची भाषांतरं छापून आपल्याच समाजातल्या पंडितांशीही एकेश्वरावरून भांडत होते. एकच फूटपट्टी दोन्हीकडे. म्हणून त्यांच्या वादाला वजन होतं.

आपल्याकडे, मुंबई आणि कोकण

अलिबाग-पेण पट्ट्यात आणि मुंबईत बेने इस्राएल समाज शतकानुशतकं राहतोय. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून "शनिवार तेली". घरची भाषा मराठी. त्यांची जुनी आठवण अशी की हिब्रू विसरली तरी देव एकच असं सांगणारी शेमा प्रार्थना तोंडात राहिली होती.

१८२९ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन मुंबईला आले. त्यांनी बेने इस्राएल लोकांसाठी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. हेतू उघड होता. मूळ भाषेत जुना करार वाचला की हे लोक नव्या कराराकडे येतील, असा हिशेब. झालं उलटं. ख्रिस्ती फार थोडे झाले. बाकीच्यांना मात्र हिब्रू मिळाली आणि त्यांनी ती आपल्याच धर्माच्या कामाला लावली. १८४६ मध्ये मुंबईत मराठी अर्थासह हगादा छापली गेली, १८७४ मध्ये पुण्यात चित्रांसह दुसरी. जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी पुढे हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली. म्हणजे व्याकरण मिशनऱ्याचं आणि प्रार्थना ज्यूंची. भाषा शिकवली की तिचा उपयोग कसा करायचा ते शिकणारा ठरवतो, ही त्यातली गोष्ट.

याच मुंबईत दादोबा पांडुरंग होते. शाळेत आपण त्यांना मराठी व्याकरणकार म्हणून वाचलं, १८३६ चं व्याकरण त्यांचं. पण हेच दादोबा मानवधर्मसभेचे आणि परमहंस मंडळीचे, म्हणजे एकेश्वरवादी. त्यांनी पुढे स्वीडनबोर्ग या विचारवंताच्या ग्रंथांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते १८७८ ला लंडनमध्ये निघालं. हा स्वीडनबोर्ग तीन वेगळ्या व्यक्तींचं त्रैक्य न मानणारा. दादोबांचे धाकटे बंधू आत्माराम पांडुरंग यांनी १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा केला. वचन म्हणजे काय हे मराठीला शिकवणारा माणूस देवाच्या एकत्वाचाही विचार आयुष्यभर करत होता, हे मला फार बोलकं वाटतं.

आपण की आम्ही?

आता माझा आवडता मुद्दा. हिब्रूत, अरबीत, इंग्रजीत या जागी एकच सर्वनाम आहे. मराठीत दोन आहेत. "आपण" म्हणजे ऐकणारा धरून, "आम्ही" म्हणजे ऐकणारा सोडून. त्यामुळे मराठी भाषांतरकाराला पळवाट नाही, त्याला निवड करावीच लागते.

मराठी बायबलने "आपण" निवडलं. म्हणजे समोर कुणीतरी ऐकणारं आहे आणि तेही कामात सामील आहे. ते पुत्र आहे की देवदूत, हे मराठी सांगत नाही. मराठी कुराणात "आम्ही" आहे, आणि तिथे तेच बरोबर आहे. कारण तिथे देव माणसाला सांगतोय. "आपण आकाश घडवलं" असं लिहिलं तर वाचणारा माणूसही निर्मात्यांत सामील व्हायचा!

आणि "आपण" चा आणखी एक उपयोग बघा. घरात एकटा माणूसही उठताना म्हणतो, "चला, आपण चहा टाकू या." स्वतःशीच. म्हणजे ३५१ मध्ये सिर्मियमला ज्या अर्थावर शाप बसला, तो मराठीत रोज सकाळी स्वयंपाकघरात ऐकू येतो. जगाच्या एका भाषेत जे पाखंड ठरलं, ते दुसऱ्या भाषेत साधं बोलणं आहे.

मग खरं उत्तर काय?

आजचे बरेच अभ्यासक वेगळ्या दिशेने बघतात. सीरियातल्या रास शामरा इथे १९२९ पासून उगारित या प्राचीन शहराच्या मातीच्या विटा सापडल्या. त्यांत एल नावाचा थोर देव आणि त्याच्याभोवती देवांची सभा आहे. हिब्रू बायबलातही अशा स्वर्गीय दरबाराच्या खुणा आहेत, ईयोबाच्या गोष्टीत, स्तोत्र ८२ मध्ये, मीखाया संदेष्ट्याच्या दर्शनात. तेव्हा "करू या" हे त्या दरबाराला उद्देशून असावं, असं पुष्कळांना वाटतं. मलाही ते पटतं. हिब्रू राजे स्वतःला "आम्ही" म्हणत असल्याचा पक्का पुरावा नसल्यामुळे राजाच्या बोलण्याचा तर्क इथे लंगडा पडतो. कुराणाच्या अरबीत मात्र तोच तर्क नीट बसतो. दोन भाषा, दोन काळ, म्हणून उत्तरंही दोन.

पण यातून "बघा, मुळात अनेक देव होते" अशी उडी मारायची असेल तर जरा थांबा. एखाद्या शब्दात जुन्या काळाची खूण उरणं वेगळं आणि तो शब्द जपणारी माणसं काय मानतात ते वेगळं. आपण "रविवार" म्हणतो, म्हणून प्रत्येक रविवार सूर्यपूजा होत नाही. ज्या लोकांनी "करू या" हे वाक्य अक्षर न बदलता जपलं, तेच लोक दिवसातून दोनदा देव एकच आहे असं म्हणत आले. त्यांचा विश्वास त्यांच्या प्रार्थनेत बघायचा, व्याकरणाच्या फटीत नाही.

आणि आपल्या घरातही हा प्रश्न आहेच की. बृहदारण्यकात शाकल्य याज्ञवल्क्याला विचारतो, देव किती? उत्तर हजारांपासून सुरू होतं. तो परत परत विचारतो आणि आकडा तेहतीस, सहा, तीन, दोन, दीड असा उतरत शेवटी एकावर येतो. आता यातला फक्त पहिला आकडा कुणी उचलला आणि म्हणाला, हे बघा यांचं सगळं तत्त्वज्ञान, तर आपल्याला राग येईल. योग्यच आहे. मग दुसऱ्याच्या पुस्तकातलं एक सर्वनाम उचलताना तोच नियम का नको?

हा सगळा इतिहास वाचून मला दोन गोष्टी कळतात. एक, सर्वनामाने आजवर कुणाचा धर्म सिद्धही झाला नाही आणि खोटाही ठरला नाही. प्रत्येकाने आधी जे मानलं होतं तेच त्या शब्दात बघितलं. जस्टिनला पुत्र दिसला, राशीला देवदूत दिसले, राममोहनना आदर दिसला. हा वाद वादच राहिला तोवर त्यातून चांगलं निपजलं. भाष्यं आली, व्याकरणं आली, छापखाने आले. दुसरी गोष्ट, ज्या दिवशी त्यात सरकार, न्यायालय आणि जमाव शिरले, त्या दिवशी अर्थ लावणं बंद झालं आणि शिक्षा सुरू झाली. सर्व्हेटसला व्याकरणात कुणी हरवलं नव्हतं.

तेव्हा पुढच्या वेळी असा "पुरावा" तुमच्याकडे आला तर पुढे ढकलायच्या आधी एकच काम करा. ज्यांचं ते पुस्तक आहे अशा एखाद्या माणसाला विचारा की तुम्ही याचा अर्थ काय लावता. शेजारी असेल, ऑफिसात असेल, रोजच्या लोकलमध्ये असेल. तो जे सांगेल ते पटलंच पाहिजे असं नाही. पण "आजोबा आले" म्हणजे किती आजोबा, हे आजोबांच्या घरच्यांनाच विचारावं लागतं.